परदेशी पाहुण्यांना मोर्चा समजावताना

(नवी मुंबईत ऑक्टोबर २०२५ मध्ये कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा थोडासा संपादित मजकूर.)



परदेशातून अभ्यासक, पत्रकार, विद्यार्थी आपल्याकडची आंदोलनं बघायला येतात, त्यांना ती कशी समजावून सांगायची, यावर मला बोलायला सांगितलंय. मी प्राध्यापक नाही. बेलापुरात कागदपत्रांची भाषांतरं करते. सातबारा, फेरफार, खरेदीखत, वारसदाखला, निकाहनामा, शाळा सोडल्याचा दाखला. मराठी आणि उर्दूतून इंग्रजीत. कोर्टाला लागतात, वकिलातींना लागतात. त्यातूनच कोणीतरी कोणाला तरी माझा नंबर दिला आणि गेली दहा-बारा वर्षं मी अधूनमधून अशा पाहुण्यांची दुभाषी म्हणून जाते. पैसे ठीक मिळतात. चालणं फार होतं.

या कामात माझ्याकडून एक चूक झाली. ती तुम्हाला सांगावी, म्हणूनच मी आज हो म्हटलं. पण आधी तो दिवस सांगते.

२६ जानेवारी २०२४. मनोज जरांगे पाटलांचा मोर्चा २० तारखेला जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीहून निघाला होता, तो वाशीत येऊन थांबला होता. एपीएमसीच्या बाजारात कांदा-बटाट्याच्या गोण्यांऐवजी माणसं उतरली होती. टेम्पो, ट्रक, ट्रॅक्टर, त्यात शेगड्या, पिठाची पोती, अंथरुणं. शिवाजी चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. आपल्यातली बरीच पोरं त्या दिवशी पाणी आणि केळी वाटत होती, काही जण इथं समोरच बसलेत.

माझ्याबरोबर दोन परदेशी विद्यार्थिनी होत्या. नावं आणि देश सांगत नाही, त्याची गरज नाही. हुशार मुली, तयारी करून आलेल्या. त्यातल्या एकीच्या वहीत पानाच्या मधोमध उभी रेघ मारलेली होती. डावीकडे ‘बाजूने’, उजवीकडे ‘विरुद्ध’. जो भेटेल त्याला ती एका बाजूला बसवत होती. तासाभरानं डावी बाजू गच्च भरली आणि उजवीकडे एक पोलीस आणि एक रिक्षावाला. रिक्षावालाही वैतागला होता तो रस्ता बंद झाला म्हणून. तो स्वतः साताऱ्याचा मराठा होता.

ती म्हणाली, हा मोर्चा सरकारविरोधी आहे ना? मी म्हटलं, सरकारकडे आलाय. तिला वाटलं माझी इंग्रजी कच्ची आहे.

पण मला तेच म्हणायचं होतं. आपल्याकडचे बहुतेक मोर्चे सरकार पाडायला निघत नाहीत, सरकारकडून काहीतरी लिहून घ्यायला निघतात. हे बाहेरच्या माणसाला पटकन समजत नाही, कारण त्याच्या डोक्यात आंदोलन म्हणजे चौक व्यापणं, राजवट हलणं, असं चित्र असतं. २०११ मध्ये अण्णांच्या आंदोलनाच्या वेळी तर अरब देशांतल्या उठावांची तुलना सर्रास चालली होती. त्याच डिसेंबरात अण्णा मुंबईत एमएमआरडीएच्या मैदानावर उपोषणाला बसले, मैदान भरलं नाही आणि दुसऱ्या दिवशी ते उठले. तुलना करणाऱ्यांना ते समजावणं जड गेलं असणार.

म्हणून मी पाहुण्यांना पहिल्यांदा विचारायला सांगते की हे लोक कुठला कागद मागतायत. रागाचं कारण, घोषणा, पुढारी, सगळं नंतर. कागद कळला की निम्मं आंदोलन कळतं.

वाशीत मागितला जात होता तो कागद म्हणजे कुणबी नोंद. आता हे इंग्रजीत सांगून बघा. मराठा म्हणजे कोण, कुणबी म्हणजे कोण, एकच माणूस दोन्ही कसा, आणि पणजोबाच्या नावापुढे कोणीतरी एक शब्द लिहिला होता की नव्हता, यावर पणतूची कॉलेजची जागा कशी ठरते. ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. त्या तारखेआधीचं शाळेचं रजिस्टर, जन्म-मृत्यूची नोंद, महसुली दप्तर. न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती राज्यभर तेच शोधत होती. जुनी दप्तरं मोडीत. मराठवाड्यातली निजामकाळातली उर्दू-फारसीत. त्यामुळे मराठ्यांचं कुणबीपण शोधायला मोडी वाचणाऱ्यांबरोबर उर्दू वाचणारेही लागले. हे मी त्या मुलींना सांगितलं तेव्हा रेघवालीनं पहिल्यांदा पेन खाली ठेवलं.

‘सगेसोयरे’ या शब्दानं तर आमचा एक तास खाल्ला. सरकारचा मसुदा त्याच दिवशीच्या तारखेचा. त्यात सगेसोयरे म्हणजे अर्जदाराचे वडील, आजोबा, पणजोबा आणि त्याआधीच्या पिढ्यांत सजातीय लग्नांतून झालेले नातेवाईक. ती म्हणाली, लग्नातून म्हणजे आईकडचेही? मी म्हटलं, भांडण तिथंच आहे. ‘नातेवाईक’ असं साधं भाषांतर केलं असतं तर दोन मिनिटांत पुढे गेलो असतो आणि तिला काहीच कळलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्यमंत्री एकनाथ शिंदे वाशीत आले, त्यांच्या हातून जरांगेंनी सरबत घेतलं आणि उपोषण संपलं. मुलींना हे नाटक वाटलं. यात नाटक असतंच, नाही म्हणत नाही. पण ‘धरणं’ हा शब्द कुठून आला ते मी त्यांना सांगितलं. पूर्वी पैसे बुडवणाऱ्याच्या दारात सावकार किंवा ब्राह्मण उपाशी बसायचा. तो दारात बसलाय म्हणजे आतल्या माणसाला जेवता येत नाही, लाजेनं. आपलं उपोषण त्या घराण्यातलं आहे. उपोषण सोडायला कोण येतो, तहसीलदार येतो की मंत्री की मुख्यमंत्री, यावरून मागणीची किंमत ठरते. ग्लास कोणाच्या हातात आहे ते आधी बघा, असं मी त्यांना म्हटलं. यंदा २ सप्टेंबरला आझाद मैदानावर तो ग्लास राधाकृष्ण विखे पाटलांच्या हातात होता आणि शेजारी हैदराबाद गॅझेटियरचा शासन निर्णय होता.

दुसरा शब्द ‘निवेदन’. त्याचं इंग्रजी सोपं आहे, पण त्यामागची ‘पोच’ सांगता येत नाही. मोर्चा कितीही मोठा असो, शेवटी पाच-सात जणांचं शिष्टमंडळ आत जातं, एक कागद देतं आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतं. तो शिक्का म्हणजे पोच. आपण सगळ्यांनी असे शिक्के गोळा केलेत. माझ्या घरी एक फाईल आहे.

आता वाशीतच हे का, तेही सांगायला पाहिजे. पाहुण्यांना वाटतं, मोर्चा मुंबईला निघाला होता, वाटेत अडला म्हणून वाशी. पण या बाजाराचा आणि त्या मागणीचा जुना संबंध आहे. माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील यांनी २२ मार्च १९८२ रोजी मुंबईत मराठा आरक्षणासाठी मोर्चा काढला. मागणी मान्य झाली नाही आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःला गोळी घालून घेतली. पाठीवर गोणी वाहणाऱ्या त्या माथाडींची मुलं-नातवंडं आज कोपरखैरणे, घणसोलीत राहतात. जुलै २०१८ मध्ये कळंबोली आणि कोपरखैरण्यात बंदच्या दिवशी जाळपोळ झाली, तीही याच मागणीवरून, आणि २०१६-१७ चे शांत, मूक मोर्चेही याच मागणीतले. पाहुणे यातलं एकच काहीतरी घेऊन जातात, शांतता नाहीतर दगडफेक, जे त्यांच्या मुक्कामात घडेल ते.

तर चूक. बाजाराच्या गाळ्याच्या कट्ट्यावर एक म्हातारा बसला होता, परभणीकडचा. मी त्याला पाणी दिलं. त्यानं विचारलं, “कोण गाव म्हणायचं ताई?” मी म्हटलं, पनवेल. “अन् नाव?” मी नाव सांगितलं. तो थोडा थांबला आणि म्हणाला, “म्हंजी तुमचं बी पाच टक्के गेलंच की. दोघाचं संगंच निघालं व्हतं. आमचं चालत चालत हितवर आलं, तुमचं घरीच बसलं.”

रेघवालीनं रेकॉर्डर पुढे धरलेला होता. ती म्हणाली, काय म्हणाला? आणि मी म्हटलं, माझं गाव विचारतोय आणि पाण्याबद्दल आभार मानतोय.

म्हाताऱ्याला इंग्रजी येत नव्हतं. तो हसला.

तो काय बोलला ते तुम्हाला माहीत आहे, तरी तरुण मुलांसाठी सांगते. जुलै २०१४ मध्ये राज्य सरकारनं अध्यादेश काढले. मराठ्यांना १६ टक्के, आणि मुसलमानांतल्या पन्नास मागास समाजघटकांना ५ टक्के, ‘विशेष मागास प्रवर्ग-अ’ म्हणून. धर्म म्हणून नव्हे, मागासलेपणावर. पाठीशी महमूद-उर-रहमान समितीचा अहवाल होता. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. नोव्हेंबरात न्यायालयानं मराठा आरक्षणाला स्थगिती दिली, आणि मुसलमानांचं नोकऱ्यांमधलं थांबवलं, पण शिक्षणातलं ५ टक्के सरकारी आणि अनुदानित संस्थांमध्ये चालू ठेवायला हरकत घेतली नाही. म्हणजे त्या दिवशी दोघांपैकी उभं होतं ते आपलं. तोवर निवडणूक होऊन सरकार बदललं होतं. डिसेंबरात अध्यादेशाची मुदत संपली. मराठा आरक्षणाचा कायदा केला गेला, आपला केला गेला नाही. नंतर त्यांचं २०१८ ला पुन्हा आलं, ५ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं रद्द केलं, फेब्रुवारी २०२४ मध्ये विधिमंडळानं एकमतानं १० टक्के दिलं. आपल्या मागणीसाठीही मोर्चे निघाले, मूक मोर्चेही निघाले. पण ते बघायला कोणी परदेशी विद्यार्थिनी आल्याचं मला आठवत नाही, आणि ग्लास घेऊनही कोणी आलं नाही.

मग मी ते वाक्य का गिळलं? घरी जाताना लोकलमध्ये मी स्वतःला सांगितलं की विषय मराठा आरक्षणाचा होता, मध्ये आपलं रडगाणं नको. ते खरं नव्हतं. खरं कारण म्हणजे मी घाबरले. एका मुसलमान बाईनं परदेशी माणसाच्या रेकॉर्डरमध्ये राज्यकारभाराबद्दल तक्रार करायची. उद्या ते कुठं छापलं जाईल, त्याखाली कोण काय लिहील, सोसायटीत कोण काय म्हणेल. आमच्या इमारतीतल्या एका गृहस्थांनी, चांगले आहेत, ईदला शीरखुर्म्याला येतात, त्यांनी मला एकदा लिफ्टमध्ये विचारलंच होतं, “ताई, ह्या फॉरेनच्या लोकांना तुम्ही काय काय सांगता?” प्रश्न हसत विचारला होता. मला उत्तर देता आलं नव्हतं.

ही भीती हवेतली नाही. डिसेंबर २०१९ मध्ये मद्रास आयआयटीतल्या एका जर्मन विद्यार्थ्याला नागरिकत्व कायद्याविरुद्धच्या निदर्शनात भाग घेतला म्हणून देश सोडायला सांगितलं गेलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये शेतकरी आंदोलनावर रिहानानं एक ओळ लिहिली, तर परराष्ट्र खात्याला निवेदन काढावं लागलं, आणि आपल्या सचिननं लिहिलं की बाहेरच्यांनी प्रेक्षक राहावं, सहभागी होऊ नये. मला सचिनचा राग आला नाही. प्रेक्षक तर प्रेक्षक. पण प्रेक्षकाला तरी खेळ नीट दिसायला नको? आणि मैदानावर काय चाललंय ते सांगायला कोणीतरी लागतं. क्रिकेटमध्ये त्याचे चांगले पैसे मिळतात.

आपल्या इतिहासात प्रेक्षकाला फार मान आहे. २१ मे १९३० ला गुजरातेत धारासणाच्या मिठागरावर सत्याग्रही रांगेनं पुढे गेले आणि लाठ्या खाऊन पडले. सरोजिनी नायडूंबरोबर पुढाऱ्यांत इमामसाहेब बावझीर होते, गांधींचे दक्षिण आफ्रिकेपासूनचे सोबती. हे जगाला कळलं ते वेब मिलर नावाच्या अमेरिकी वार्ताहरामुळे. त्याच्या तारा इंग्रज सरकारनं आधी अडवल्या, त्यानं भांडून पाठवल्या आणि त्या जगभरच्या वर्तमानपत्रांत छापल्या गेल्या. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला इथं उरण तालुक्यात चिरनेरला जंगल सत्याग्रह झाला. आगरी, कोळी, कातकरी माणसं. गोळीबार झाला, माणसं मेली. तिथं मिलर नव्हता. धारासणा जगाच्या पुस्तकांत आहे. चिरनेर आपल्या तालुक्यात हुतात्मा स्तंभावर आहे.

चिरनेरचं नाव काढलं की मला जासई आठवतं. ते मी लहानपणी ऐकलंय, जवळून. १९८४ च्या जानेवारीत मी नऊ वर्षांची होते. वडील एसटीत कंडक्टर, पनवेल-उरण फेरीवर. १६ तारखेला त्यांची गाडी अर्ध्या वाटेतून परत फिरवली आणि ते लवकर घरी आले. आम्हाला आनंद झाला, बाबा लवकर आले म्हणून. ते जेवले नाहीत. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मेले.

सिडको १९७० ची. नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांची जमीन घेतली. ज्यांची जमीन गेली त्यांचे नेते शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील, जासईचेच. त्या आंदोलनातून पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली. म्हणजे जेवढी जमीन घेतली, त्याच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत. भाषांतराच्या धंद्यातलं माझं निम्मं घर याच साडेबारा टक्क्यांवर चाललंय, वारसांची भांडणं अजून कोर्टात आहेत. देशभर जमीन संपादनाच्या चर्चेत या योजनेचा दाखला देतात. पण कोणी परदेशी अभ्यासक मला विचारतो की नवी मुंबई कशी नियोजनबद्ध उभी राहिली, तेव्हा त्याच्या वहीत वास्तुरचनाकारांची नावं असतात. पाच शेतकऱ्यांची नसतात.

२०२१ मध्ये विमानतळाला दि. बां.चं नाव द्यावं म्हणून इथं १० जूनला मानवी साखळी झाली आणि २४ जूनला, त्यांच्या स्मृतिदिनी, सिडको भवनाला घेराव. एका युरोपीय पत्रकारानं मला विचारलं, कोविडच्या साथीत एवढी माणसं फक्त एका नावासाठी? त्याला वाटलं ही अस्मितेची हौस आहे, पुतळ्यांसारखी. थोडी असेलही. मी त्याला विमानतळाच्या जागेवरून हलवलेल्या गावांची नावं सांगितली, उलवे, कोंबडभुजे, तरघर, चिंचपाडा, कोल्ही-कोपर. म्हटलं, गावं गेली, शेतं गेली, खाडीतली मासेमारी गेली. आता त्या जागेवर काय लिहायचं, एवढंच उरलंय. त्यांना ते लिहून हवंय. २०२२ मध्ये आधी एका सरकारनं ठराव केला, मग दुसऱ्यानं केला, मग विधिमंडळानं केला. या महिन्याच्या ८ तारखेला विमानतळाचं उद्घाटन झालं, पंतप्रधान येऊन गेले. नावाचा दिल्लीचा कागद त्या दिवशीही आलेला नव्हता.

आता आपल्या घरचं आंदोलन. ११ डिसेंबर २०१९ ला संसदेत नागरिकत्व दुरुस्ती कायदा मंजूर झाला. १९ तारखेला ऑगस्ट क्रांती मैदान भरलं, पुढे २६ जानेवारीच्या रात्रीपासून नागपाड्यात मोरलँड रोडवर बायका बसल्या, कोविडमुळे २३ मार्चला उठल्या. मी तिथं दोन वेळा पाहुणे घेऊन गेले. फोटो काढणाऱ्यांना बुरखा आणि तिरंगा एका चौकटीत हवा असायचा. काढा, त्यात काही खोटं नाही, बायकांनी दोन्ही मनापासून धरलं होतं. पण मला आठवतो तो माझ्या ऑफिसातला जिना. त्या तीन महिन्यांत माझ्याकडे इतकी माणसं आली की जिन्यावर बसायची. आजीचा जन्मदाखला नाही, तिच्या वेळी सुईण होती, नोंद करणारं कोणी नव्हतं. शाळेत ‘शेख’, रेशनकार्डावर ‘शैख’, आधारवर तिसरंच. लग्नानंतर नाव बदललं त्याचा पुरावा म्हणजे निकाहनामा, तोही उर्दूत, काझीच्या अक्षरात. एक बाई आपल्या वडिलांची १९५८ ची गिरणीची हजेरीची चिठ्ठी घेऊन आली होती, प्लास्टिकमध्ये घालून.

तेव्हा मला कळलं की हे एकच आंदोलन उलटं आहे. बाकी सगळे कागद मागायला जातात. इथं कागद मागितला जाईल या भीतीनं लोक रस्त्यावर आले. आणि गंमत बघा, २०२४ मध्ये वाशीतल्या म्हाताऱ्याचं दुःख आणि त्या बाईचं दुःख जवळपास एकच होतं. दोघांच्याही हातात पूर्वजाचं नाव असलेलं एक चिटोरं, आणि ते पुरेल की नाही हे दुसराच कोणी ठरवणार. पण हे मी मोरलँड रोडवर त्या पाहुण्यांना सांगितलं नाही, कारण तेव्हा मलाच दिसलं नव्हतं. तेव्हा मीही ‘आमचा कायद्याविरुद्धचा लढा’ एवढंच भाषांतर करत होते.

ही सारखेपणाची गोष्ट फार ताणूही नये. वाशीत मोर्चाला पाणी देताना मुसलमानांच्या फायद्या-तोट्याचा प्रश्न होताच. आपल्यातले बागवान, अत्तार, मोमीन असे कितीतरी ओबीसी यादीत आहेत. त्या यादीत दाखले वाढले की जागा तेवढ्याच, वाटेकरी जास्त. जालना जिल्ह्यातच, अंतरवालीपासून थोड्याच अंतरावर वडीगोद्रीला जून २०२४ मध्ये लक्ष्मण हाके ओबीसींसाठी उपोषणाला बसले, तेव्हा तिथल्या मुसलमान ओबीसींनी कोणत्या मांडवात बसायचं? रेघवालीनं मला विचारलं होतं, तुम्ही पाणी देताय म्हणजे तुम्ही बाजूने आहात ना? मी म्हटलं, पाणी तहानेला दिलंय. ते उत्तर चांगलं होतं, पण अर्धंच होतं.

पाणी देण्याबद्दल आणखी एक. पाहुण्यांना हिंदू-मुस्लिम ऐक्याची गोष्ट फार आवडते. मशिदीबाहेर बिर्याणी, मोर्चेकरी जेवतायत, फोटो. मार्च २०१८ मध्ये किसान सभेचा लाँग मार्च नाशिकहून सहा दिवस चालत आला, दहावीच्या मुलांच्या परीक्षेला त्रास नको म्हणून सोमय्या मैदानावरून रात्रीच आझाद मैदानाकडे निघाला. मुंबईत लोकांनी त्यांना खाऊ घातलं, चपला दिल्या, त्यात मुसलमान वस्त्याही होत्या. हे सांगावं, अभिमानानं सांगावं. पण तो मोर्चा आला होता वनहक्क कायद्याखालच्या जमिनीच्या पट्ट्यांसाठी. लेखी आश्वासन घेऊन गेला, २०१९ ला पुन्हा निघाला, २०२३ ला पुन्हा निघाला. पाहुण्यांना मी म्हणते, चपलांचा फोटो घ्या, आणि पुढच्या वर्षी येऊन पट्टा मिळाला का तेही विचारा. पुढच्या वर्षी फारसं कोणी येत नाही.

तुम्ही विचाराल, मग आता मी काय वेगळं करते. फार काही नाही. जो बोलतो त्याचं वाक्य आहे तसं देते, शिवी असेल तर शिवीसकट, आपल्याविरुद्ध असेल तरी. मोर्चात आपल्याबद्दल वाईट बोलणारेही भेटतात, तेही मी पूर्वी गाळायचे, ऐक्याच्या चित्राला तडा नको म्हणून. आता गाळत नाही. माझं मत वेगळं सांगते, आणि हे माझं आहे असं म्हणून सांगते. ज्याचं नाव छापल्यानं त्याला त्रास होईल त्याचं नाव देऊ देत नाही, हे आधीच ठरवून घेते. आणि पाहुण्याला मोर्चात घोषणा देऊ देत नाही. त्याला घरी परत जायचं असतं, आणि दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात उत्तरं मला द्यायची असतात. लिफ्टमधल्या गृहस्थांना मी नंतर सांगितलं, तुम्हाला सांगते तेच त्यांना सांगते, हवं तर एकदा बरोबर या. ते अजून आलेले नाहीत, पण आता आपणहून विचारतात, यावेळी कुठले पाहुणे.

आणि ती रेघवाली. तिचा प्रबंध पूर्ण होत आला होता, तेव्हा, यंदा ऑगस्टात, तिनं मला ईमेल केला. तिनं कोणाकडून तरी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकवून घेतलं होतं. तिनं लिहिलं होतं, त्या आजोबांच्या बोलण्यात ‘पाच टक्के’ असे शब्द आहेत, असं मला सांगितलं गेलंय, तुमच्या भाषांतरात ते नाहीत, काही राहून गेलं का? किती सभ्य प्रश्न. मला दोन दिवस उत्तर लिहिता आलं नाही. मग लिहिलं. तो काय म्हणाला ते, मी काय सांगितलं ते, आणि का. २०१४ च्या अध्यादेशाची आणि न्यायालयाच्या आदेशाची प्रत जोडली. वर लिहिलं की हे माझ्या नावानं छापायला हरकत नाही.

तिचा परत ईमेल आला. आभार होते, आणि एकच प्रश्न. त्या पाच टक्क्यांचं सध्या काय चालू आहे?

मी फाईल काढली. निवेदनांच्या प्रती मोजल्या, सगळ्यांवर शिक्के होते. तिला लिहिलं, निवेदनं दिलेली आहेत, पोच आमच्याकडे आहे. सगळ्या प्रती स्कॅन करून पाठवल्या, भाषांतरासकट.